नोंदवहीतील खाडा

गेल्या पावसाळ्यात राइट टाउन शाखेत एक वयोवृद्ध मराठी ग्राहक मुदत ठेव मोडण्यासाठी आले. पावती पुढे करीत ते म्हणाले, "साहेब, नातवाचे डायलिसिस सुरू झाले आहे." नातू अवघ्या सोळा वर्षांचा. पाचव्या वर्षापासून त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम होता.

या विकारात मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांतून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे वाहून जाते. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि फेसाळ लघवी ही त्याची लक्षणे. बहुतेक बालकांना प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने उतार पडतो व त्यांची मूत्रपिंडे सहसा शाबूत राहतात. खरा धोका असतो तो स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या प्रकारात. तो पौगंडावस्थेत तुलनेने अधिक आढळतो. त्यात गाळण्यांवर व्रण पडत जाऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. न्यूझीलंडचे रग्बीपटू जोना लोमू यांना विसाव्या वर्षी, १९९५ मध्ये, या विकाराचे निदान झाले. २००३ मध्ये त्यांना डायलिसिस घ्यावे लागले, २००४ मध्ये प्रत्यारोपण झाले आणि २०१५ मध्ये चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

गोळ्यांनी चेहरा गोल झाला म्हणून वर्गमित्र चिडवीत. नातवाने गोळ्या गुपचूप टाकून दिल्या. मुलगा मोठा झाला, या समजुतीने घरच्यांनीही लघवीची तपासणी सोडली. वर्षभराने सूज आली, तेव्हा तुकडा तपासणीत व्रण आढळले. गोळ्यांनी मूत्रपिंडे वाचलीच असती, असे डॉक्टरांनी सांगितले नाही. परंतु औषध लागू पडत नाही, हे वेळीच कळले असते आणि दुसरे उपचार करता आले असते.

म्हणून पालकांनी सकाळच्या लघवीची पट्टीने तपासणी करून रोज नोंद ठेवावी. सलग तीन दिवस ३+ किंवा अधिक आल्यास आजार उलटला असे समजून डॉक्टरांकडे जावे. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. वेदनाशामके डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

खर्चाविषयीही दोन शब्द. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्जही घेता येते. आजोबांनी तोच मार्ग स्वीकारला.

निघताना पासबुक न्याहाळीत ते म्हणाले, "यात एक नोंद राहिली तर मी लगेच विचारतो. त्या वहीत मात्र वर्षभर खाडा पडला, कुणी विचारलेच नाही."