एकाच संगणकावर दुसरी कार्यप्रणाली : व्हर्च्युअल मशीनची ओळख

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील अनेक पाठ उबुंटू लिनक्सवर रेकॉर्ड केलेले आहेत. ते पाहून तुम्हाला सराव करायचा असतो, पण घरच्या एकुलत्या एक लॅपटॉपवर विंडोज असते. त्यातच घरातले फोटो, भावाचे प्रोजेक्ट आणि कामाची कागदपत्रे असतात. लिनक्स तर शिकायचे आहे, पण यातले काहीही गमवायचे नाही. अशा वेळी व्हर्च्युअल मशीन उपयोगी पडते. या पाठात आपण ते कसे चालते, कसे तयार करायचे आणि त्याचे संरक्षण कुठे संपते ते पाहू.

मूळ कल्पना

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. तुमच्या खऱ्या संगणकाला यजमान आणि आत चालणाऱ्या कार्यप्रणालीला पाहुणी म्हणू. पाहुणीला प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड सगळे दिसते. मात्र तिला दिसणारी डिस्क ही यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते.

ही कल्पना नवी नाही. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली आणली. तिच्यात एका मोठ्या संगणकावर प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखे काम करता येई. आपण येथे व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरू.

आधी काय तपासावे

१. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स विभागात सीपीयूवर क्लिक करा. व्हर्च्युअलायझेशनसमोर 'एनेबल्ड' दिसले पाहिजे. 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये जाऊन ते सुरू करावे लागते. इंटेलमध्ये या सोयीचे नाव व्हीटी-एक्स, तर एएमडीमध्ये एसव्हीएम असे दिसते.

२. मेमरी पाहा. डिस्क आभासी असली तरी मेमरी खरीच खर्च होते. ८ जीबी मेमरी असेल तर पाहुणीला ४ जीबीपर्यंत द्या. एकूण मेमरीच ४ जीबी असेल तर दोन्ही प्रणाली अडखळतील. त्यापेक्षा उबुंटू पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून पाहावे.

३. डिस्कवर किमान ३० जीबी जागा मोकळी हवी.

कृती

उबुंटूच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून घ्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'न्यू' वर क्लिक करा, मशीनला नाव द्या आणि ती आयएसओ फाइल निवडा. आपोआप इन्स्टॉल करण्याचा पर्याय बंद ठेवा, म्हणजे प्रत्येक पायरी तुम्हाला पाहता येईल. मेमरी ४०९६ एमबी, प्रोसेसर २ आणि डिस्क २५ जीबी ठेवा. डिस्कची फाइल सुरुवातीला लहान असते आणि गरजेप्रमाणे वाढते. मात्र पाहुणीतल्या फाइली पुसल्या म्हणून ती आपोआप लहान होत नाही.

आता मशीन सुरू करा. थोड्या वेळाने इन्स्टॉलर विचारतो : डिस्क पुसून उबुंटू इन्स्टॉल करायचे का? येथे बहुतेक जण घाबरून थांबतात. येथे पुसली जाणारी डिस्क म्हणजे आपण नुकतीच तयार केलेली रिकामी फाइल. विंडोजला काहीही होत नाही. पण पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला असेल, तर अगदी याच शब्दांचा हाच पर्याय खरी डिस्क पुसतो. म्हणून होकार देण्याआधी दोन गोष्टी पाहा. हे सगळे व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत चालले आहे ना? डिस्कचा आकार सुमारे २५ जीबीच दिसतो ना?

माउस पाहुणीच्या खिडकीत अडकला तर उजवीकडची कंट्रोल कळ दाबा.

संरक्षण कुठे संपते

शेअर्ड फोल्डर : गेस्ट अ‍ॅडिशन्स बसवल्यावर यजमानाचा एखादा फोल्डर पाहुणीत दाखवता येतो. तो फोल्डर खरा असतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये आरएम आज्ञेने त्यातली फाइल पुसली, तर ती विंडोजमधूनही जाते आणि रिसायकल बिनमध्ये सापडत नाही. म्हणून सरावासाठी वेगळा रिकामा फोल्डर करा. फोटोंचा फोल्डर कधीही शेअर करू नका.

स्नॅपशॉट : प्रयोगापूर्वी स्नॅपशॉट घेतला तर बिघाड झाल्यावर त्या स्थितीला परत जाता येते. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात. शिवाय मागे परतल्यावर स्नॅपशॉटनंतर पाहुणीच्या डिस्कवर केलेले कामही नाहीसे होते.

सारांश

पाहुणीची डिस्क ही फाइल असते, म्हणून तिच्यात केलेल्या चुका स्वस्तात सुटतात. मेमरी आणि शेअर्ड फोल्डर मात्र खरे असतात. हा फरक लक्षात ठेवला तर घरच्या संगणकावर निर्धास्तपणे शिकता येते.

सराव

१. उबुंटू इन्स्टॉल करून मशीन बंद करा आणि स्नॅपशॉट घ्या.
२. मशीन सुरू करून डेस्कटॉपवर एक फाइल तयार करा. मशीन बंद करून स्नॅपशॉटवर परता. फाइल दिसते का? का?
३. विंडोजमध्ये आभासी डिस्कची फाइल शोधा आणि तिचा आकार २५ जीबीशी ताडून पाहा.