छळ करणारं माणूस आपलंच असतं तेव्हा

“दोन बायकांत कसला आलाय हिंसाचार? भांडण असेल.”

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०१० च्या पाहणीत जोडीदाराकडून आयुष्यात कधीतरी बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसलेल्या भिन्नलिंगी स्त्रिया ३५ टक्के होत्या. समलिंगी स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ४४ टक्के, तर उभयलैंगिक स्त्रियांत ६१ टक्के निघालं. यावरून समलिंगी नातीच हिंसक असतात, असं म्हणणं मात्र चूक ठरेल, कारण त्या उभयलैंगिक स्त्रियांपैकी जवळपास ९० टक्के जणींना छळणारे फक्त पुरुषच होते.

कोण अंगापिंडानं मोठं, कोण ‘पुरुषी’ दिसतं, यावरून छळ कोण करतंय हे ठरत नाही. घरात कोण कुणाला घाबरून असतं, पगार कुणाच्या हाती जातो, फोन कोण तपासतं, हे पाहावं.

“हात उगारला नाही, मग छळ कसला?”

“सोडून गेलास तर आपले फोटो तुझ्या आईला पाठवीन.” एवढ्या एका वाक्यावर एखाद्याला वर्षानुवर्षं बांधून ठेवता येतं. घरमालकाला सांगेन, ऑफिसात सांगेन, ही त्याचीच रूपं. ट्रान्स जोडीदाराची हॉर्मोन्सची औषधं लपवणं, चारचौघांत मुद्दाम जुन्या नावानं हाक मारणं, एचआयव्हीची रोजची गोळी अडवणं हाही छळच.

“आईवडील करतात ते काळजीपोटी.”

सगळ्यांत घातक गैरसमज मला हा वाटतो. मुलीचं मैत्रिणीवर प्रेम आहे हे कळलं की आधी मोबाइल जातो. मग आधार कार्ड आणि बारावीची गुणपत्रिका कपाटात कुलूपबंद होते. मुलीला मामाच्या गावी धाडतात. देवऋषी होतो, अंगारा होतो, डॉक्टर होतो आणि शेवटी स्थळं बघायला सुरुवात होते. काळजी खरी असेलही, पण कुलूपही तितकंच खरं असतं. एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीत झालेल्या जनसुनावणीत क्विअर आणि ट्रान्स व्यक्तींनी जन्मघरातल्या अशाच छळाबद्दल साक्षी दिल्या. त्या सुनावणीच्या अहवालाचं नावच ‘अपनों का बहुत लगता है’ असं आहे.

समलिंगी असणं हा आजार नाही, त्यामुळे ते ‘बरं करण्याचा’ प्रश्नच येत नाही. मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये अशा ‘उपचारां’विरुद्ध आदेश दिले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ते करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

“कायदा आपल्या बाजूनं नाही.”

अर्धवट खरं आहे. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त नवऱ्यापुरता नाही. एकत्र राहणाऱ्या बापाविरुद्ध किंवा भावाविरुद्ध मुलीला त्याखाली दाद मागता येते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर आईविरुद्धही. समलिंगी जोडीदाराविरुद्ध याच कायद्याचा आधार मिळेल याची मात्र खात्री नाही. तरी मारहाण, डांबून ठेवणं, धमकी देऊन पैसे उकळणं हे गुन्हे कुणीही केले तरी गुन्हेच. ट्रान्स व्यक्तीला बळजबरीनं घराबाहेर काढणं किंवा तिचा छळ करणं हा २०१९ च्या कायद्यानं गुन्हा ठरवला. सज्ञान व्यक्तींमधलं परस्परसंमतीचं समलिंगी नातं २०१८ पासून गुन्हा नाही, म्हणून “पोलिसांत देईन” या धमकीला दबू नये.

एक उणीव मात्र मोठी आहे. जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सज्ञान पुरुषावरच्या बलात्कारासाठी कलमच नाही. हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त व्हायलाच हवा.

सज्ञान मूल घर सोडून गेलं की घरचे बऱ्याचदा बेपत्ता झाल्याची, नाहीतर अपहरणाची तक्रार देतात. अशी प्रकरणं न्यायालयात आली तर कशी हाताळावीत, हे सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये सांगितलं आहे: न्यायाधीशांनी त्या व्यक्तीशी घरच्यांच्या दबावाबाहेर बोलावं आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नये. घर सोडताना “मी सज्ञान आहे, स्वेच्छेनं जाते आहे” असं लिहून पोलीस ठाण्याला कळवावं आणि त्याची पोच जपून ठेवावी. मूळ कागदपत्रं आधीच विश्वासाच्या माणसाकडे द्यावीत. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० आणि मनावरचा ताण बोलून दाखवायला १४४१६ हे क्रमांक आहेत. एखाद्या मैत्रिणीचा छळ होतोय अशी शंका आली तर तिच्या घरच्या फोनवर विचारू नका. तो फोन दुसरंच कुणीतरी ऐकत असेल. बाहेर, एकटीला भेटा.