छातीतील कळ आणि पडद्यावरील जाहिरात

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो, तेव्हा व्यापारी पोत्यातील हळकुंड हाती घेतो, मोडून आतला रंग पाहतो, ओलावा अजमावतो आणि मगच बोली बोलतो. हरिपूरच्या पेवांपासून २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनापर्यंत या पेठेची पत अशा पारखण्यावरच उभी राहिली आहे. त्याच हळदीचा अर्क भरलेली एखादी कॅप्सूल ‘रक्तवाहिन्यांतील अडथळे एकवीस दिवसांत साफ’ असे म्हणत मोबाइलच्या पडद्यावर अवतरते, तेव्हा मात्र मोडून पाहण्याची ही सवय गळून पडते. पोत्यातील माल पारखून घेणारी माणसे पडद्यावरील माल डोळे मिटून मागवतात.

अशा खरेदीत दीड-दोन हजार रुपये जातात, हे नुकसान त्यातल्या त्यात लहान म्हणायचे. रक्तदाबाची वा मधुमेहाची चालू गोळी या कॅप्सूलच्या भरवशावर बंद झाली, किंवा छातीत कळ आल्यावर ‘आपण तर औषध घेत आहोत’ या समजुतीत दोन तास निघून गेले, तर ते नुकसान भरून येत नाही. म्हणून जाहिरात ओळखणे आणि हृदयविकाराची लक्षणे ओळखणे हे एकाच सावधपणाचे दोन भाग आहेत.

जाहिरात घरात कशी शिरते

एखाद्या गृहस्थाने रात्री मोबाइलवर ‘छातीत जळजळ’ हे शब्द शोधले, की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पडद्यावर हृदयाच्या औषधांची रीघ लागते. यात योगायोग नसतो. कोणी काय शोधले, काय पाहिले, किती वेळ पाहिले, यावरून जाहिराती नेमक्या घाबरलेल्या माणसापर्यंत पोचवण्याची यंत्रणा आज उपलब्ध आहे. जाहिरातदार मालाआधी भीती विकतो. ‘झटक्याच्या महिनाभर आधी शरीर देते हे सात इशारे’ असा मथळा दिसतो, वाचक खाली खाली सरकत जातो, आणि सातव्या इशाऱ्याच्या जागी बाटलीचे चित्र व मागणी नोंदवण्याचे बटण येते.

या जाहिरातींचे साचे ठरलेले असतात. ‘डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ हे पहिले वाक्य. त्यामुळे रुग्णाचा आपल्या डॉक्टरांवरील विश्वास डळमळतो. मग ठरावीक दिवसांत बरे होण्याची हमी, ‘शंभर टक्के नैसर्गिक, कोणताही दुष्परिणाम नाही’ हा दिलासा, बऱ्या झालेल्या माणसांचे अनुभव आणि शेवटी सवलत संपायला उरलेली मिनिटे मोजणारे घड्याळ. क्रमांक नोंदवला, की ‘आरोग्य सल्लागार’ म्हणवणाऱ्याचा फोन येतो. तो नाडी पाहत नाही, रक्तदाब मोजत नाही, पूर्वीचे अहवाल मागत नाही. तीन महिन्यांचा कोर्स मात्र ठरवून टाकतो.

आता या साच्यात यंत्रनिर्मित बनावट ध्वनिचित्रफितींची भर पडली आहे. नामवंत हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांचे नाव व प्रतिमा वापरून पसरवल्या जाणाऱ्या अशा मजकुराविरुद्ध २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला मनाई आदेश द्यावा लागला. ओळखीचा चेहरा आणि ओळखीचा आवाज हा आता पुरावा राहिलेला नाही. मोठा डॉक्टर पडद्यावरून एखाद्या बाटलीची शिफारस करताना दिसला, तर ती फीत खोटी असण्याचीच शक्यता अधिक, असे धरून चालावे.

वेष्टनावरील खुणांविषयीही गैरसमज आहेत. चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक हा उत्पादक नोंदणीकृत असल्याचे सांगतो. त्या पदार्थाने हृदयरोग बरा होतो, असे तो सांगत नाही. हिरवा ठिपका घटक शाकाहारी असल्याची खूण आहे, गुणकारी असल्याची नव्हे. ‘शाकाहारी कॅप्सूल’ एवढे दोन शब्द वाचून अनेक जैन घरांत अर्धी खात्री पटते, हे विक्रेत्यांना चांगले ठाऊक असते.

कायदा जुना, पळवाटा नव्या

हृदयरोगावर औषधाची जाहिरात करता येते का, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्याने १९५४ मध्येच दिले आहे. त्या वर्षीच्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत हृदयविकार, उच्च व कमी रक्तदाब, मधुमेह, पक्षाघात, लठ्ठपणा अशा रोगांची यादी आहे. या रोगांचे निदान, उपचार वा प्रतिबंध करणारे औषध म्हणून कोणत्याही औषधाची जाहिरात जनतेसमोर करण्यास बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कारावास अशी तरतूद आहे. म्हणजे ‘हृदयातील ब्लॉकेज बरे करणारे औषध’ असे शब्द जाहिरातीत दिसले, की ते औषध खरे की खोटे हे तपासण्याआधीच ती जाहिरात कायद्याच्या विरुद्ध ठरते. सामान्य वाचकासाठी याहून सोपी कसोटी नाही.

म्हणूनच विक्रेते ‘औषध’ हा शब्द टाळतात आणि ‘पूरक आहार’ या नावाखाली तोच माल विकतात. तेथे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा लागू होतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस त्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही अशा जाहिराती थांबवू शकते. ७ मे २०२४ रोजी भारतीय वैद्यकीय संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वस्तूची भलामण करणारे प्रसिद्ध चेहरे आणि समाजमाध्यमांवरील प्रभावक हेही दिशाभुलीस तितकेच जबाबदार आहेत.

फसवणूक झाली असेल, तर जाहिरातीचे पडद्यावरील छायाचित्र, दुवा, तारीख आणि पैसे दिल्याची पावती जपून ठेवावी. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आणि राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. लाजेपोटी गप्प बसल्याने पुढचा माणूस फसतो.

कळ कोणती, पित्त कोणते

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या अस्तरात मेदाचे थर वर्षानुवर्षे साचतात. एखाद्या दिवशी त्यातील एक थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पुरवठा अडतो. त्या भागातील स्नायू मग मिनिटामिनिटाने मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. वर्षानुवर्षे साचलेला आणि काही अंशी चुन्यासारखा कठीण झालेला हा थर काढ्याने नळीतील गाळासारखा धुऊन निघत नाही. आहार, व्यायाम आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे यांनी तो स्थिर राहू शकतो, त्याची वाढ रोखता येते. ‘एकवीस दिवसांत साफ’ होत नाही.

छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे हे झटक्याचे सर्वांत नेहमीचे लक्षण. रुग्ण बहुधा एका बोटाने जागा दाखवत नाही. सारा पंजा वा मूठ छातीवर ठेवतो. ही वेदना डाव्या हातात, कधी दोन्ही हातांत, खांद्यात, पाठीत, मानेत, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरते. सोबत दरदरून थंड घाम, धाप, मळमळ किंवा उलटी, भोवळ आणि काहीतरी भयंकर घडते आहे अशी अस्वस्थता असू शकते. विश्रांती घेऊनही ही वेदना काही मिनिटांत ओसरली नाही, किंवा जाऊन पुन्हा आली, तर थांबू नये.

चित्रपटांतल्याप्रमाणे प्रत्येक जण छाती धरून कोसळत नाही. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात छातीतील वेदना सौम्य असते किंवा नसतेही. अकारण धाप, कधी नव्हे असा थकवा, पोटात कालवाकालव, जबड्याचे दुखणे, अचानक घाम, एवढ्यावरच झटका येऊन जातो. आमच्याकडे याला ‘पित्त झाले’, ‘गॅस धरला’ म्हणण्याची रीत आहे. घरातील बाई तर सर्वांचे जेवण उरकेपर्यंत तेही म्हणत नाही. पित्त आणि हृदयाची कळ यांत घरबसल्या खात्रीने फरक करता येत नाही. तो ईसीजी आणि रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी करते. पहिला ईसीजी कधीकधी निर्दोषही दिसतो, म्हणून डॉक्टरांनी थांबवून घेऊन तो पुन्हा काढायला सांगितला, तर घरी जाण्याची घाई करू नये.

पहिल्या तासाचे मोल

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत उपचारांची उणीव पूर्वीइतकी राहिलेली नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयामुळे मिरज वैद्यकीय नगरी म्हणून ओळखली जाऊ लागली. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, कराडात कृष्णा रुग्णालय आहे. अडचण अंतराची आहे. जत किंवा आटपाडी तालुक्यातील वस्तीवरून सांगली-मिरज गाठायला, कोयनेच्या खोऱ्यातून कराडला उतरायला किंवा महाबळेश्वरहून घाट ओलांडून साताऱ्याला यायला बराच वेळ रस्त्यावरच जातो. त्यात घरगुती उपायांचा एक तास मिळवला, की रक्तगाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा वा अँजिओप्लास्टीचा लाभ घटत जातो. झटका आल्यापासून बारा तासांच्या आत हे उपचार केले जातात खरे, पण सर्वाधिक स्नायू वाचतो तो पहिल्या दोन-तीन तासांत.

म्हणून लक्षणे दिसताच १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेली ही रुग्णवाहिका सेवा विनामूल्य आहे. रुग्णाला बसते किंवा अर्धवट टेकलेले ठेवावे, चालवू नये, जिना चढू देऊ नये, स्वतः गाडी चालवू देऊ नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी, जठरव्रण किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवर डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याच्या डबीतून उसनी घेऊ नये. रक्तदाब आधीच उतरलेला असेल, तर ती घातक ठरते. रुग्ण बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला किंवा आचके लागले, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये.

‘झटका आल्यावर जोरजोरात खोका’, ‘तिखटाचे पाणी पाजा’, ‘बोटाला सुई टोचा’ हे फिरते संदेश या वेळी फक्त मिनिटे खातात.

व्रत, उपवास आणि औषध

शाकाहारी, निर्व्यसनी माणसाला हृदयविकार होत नाही, हा समज जैन समाजात खोल रुजला आहे. शाकाहार हृदयाला हितकर आहे, यात वाद नाही. परंतु वनस्पती तुपात तळलेले फरसाण, सणासुदीची मिठाई, दुकानाच्या गादीवरील बैठे आयुष्य, आनुवंशिकता, मधुमेह आणि रक्तदाब हे शाकाहाराला जुमानत नाहीत. तंबाखूची चिमूट तर शाकाहारीच असते.

फिरत्या संदेशांत एक पाककृती वारंवार येते: लसूण, आले आणि लिंबाचा रस, त्यात व्हिनेगर आणि मध. यांतील लसूण, आले आणि मध कित्येक जैन घरांत वर्ज्य. तरीही मरणाच्या भीतीने कोणी ते घेतो. व्रत मोडते आणि अडथळाही हटत नाही. दुसरीकडे, पर्युषणातील उपवासांत किंवा चौविहारात रात्रीची गोळी न सांगता सोडून देणारेही आहेत. यावर उपाय साधा आहे. उपवासाच्या आठवडाभर आधी आपला नियम डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा. अनेक गोळ्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतात. ज्यांच्या बसत नाहीत, त्यांनी कोणते तप करावे, हे गुरुजनांशी बोलून ठरवता येते.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत पहिला आहे मिथ्योपदेश, म्हणजे चुकीचा सल्ला देणे. न तपासलेला आरोग्यसंदेश कुटुंबाच्या गटात पुढे पाठवणे यापासून फार दूर नाही. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण वाचणारा त्यावर विसंबून आपली गोळी बंद करतो.

घरातील वडीलधाऱ्यांशी या विषयावर एकदा शांतपणे बोलावे. त्यांनी काय मागवले आहे, हे रागाने न विचारता कपाटातील बाटल्या सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावावा: १०८, जवळच्या ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्याचा क्रमांक, घरातील प्रत्येकाची चालू औषधे आणि ॲलर्जी. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते आजच्या सायंकाळीही होऊ शकते.