वार्धक्यातील पडणे : टाळता येणारा तोटा

धान्याच्या व्यापारात तुटीचा हिशेब आपण कधी चुकवीत नाही. किती दाणा सांडला, किती किडला, किती वजनात घटला, हे मांडल्याखेरीज पेढी बंद होत नाही. परंतु घरातील वडीलधारे माणूस पडले की, ‘वय झाले’ एवढे म्हणून तो तोटा आपण दैवाच्या खाती टाकतो. ही नोंद चुकीची आहे, हे मी स्वानुभवाने सांगतो.

आमचे थोरले बंधू पहाटे न्हाणीघरात ओल्या शहाबादी फरशीवर घसरले व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेने हाड जुळले; पण पेढीची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. पडण्याच्या धास्तीने चालणे सुटले आणि चालणे सुटल्याने पायांतील बळ गेले. भिंतीला धरावयास दांडा बसवावा, असे सूनबाईंनी पूर्वीच सुचविले होते. ‘अण्णांना इतक्यात म्हातारे ठरवू नका,’ असे म्हणून मीच तो बसवू दिला नाही. तो सल आजही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून दगावतात. त्यांत साठीपुढील माणसांचा भरणा अधिक. कारणे मात्र बहुधा साधीच असतात. अपुरा उजेड, ओली फरशी, सरकणारे पायपुसणे, सैल चपला, डोळ्यांतील मोतीबिंदू. झोपेच्या व रक्तदाबाच्या काही औषधांनीही चक्कर येते. ती औषधे आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवावीत. अंथरुणातून एकदम उठू नये. क्षणभर बसून मग उभे राहावे. रात्री वाटेवर मंद दिवा असावा. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठण्याबसण्यासारख्या व्यायामाने पायांत बळ येते व तोल सावरतो. दुकानात सांडलेले वाटाणे वा मूग तत्काळ झाडावेत. ते पायाखाली गोट्यांप्रमाणे फिरतात. पडलेल्या माणसास खुब्यात वेदना असल्यास ओढून उभे करू नये.

आपल्या धर्मात ईर्यासमिती सांगितली आहे. पुढील चार हात भूमी पाहून चालावे. तो नियम जीवदयेचा आहे, आणि त्या जीवांत आपलाही जीव येतोच.

सभासद बंधुभगिनींस विनंती एवढीच की, दिवाळीत वहीपूजनापूर्वी घराची झाडलोट करताना वृद्धांच्या पावलांनी एकदा घरभर फिरून पाहावे. आमच्या न्हाणीघरात आता दांडा बसविला आहे. तो धरूनच मी रोज स्नानास जातो, व त्यात मला कमीपणा वाटत नाही.