गिझर आणण्याआधी जागा ठरवा



थंडी पडली की पहाटे अंघोळीच्या पाण्यासाठी चूल नाहीतर बंब पेटवावा लागतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे आपणांस आठवत असेल. जळणाची ओढाताण आणि धुराचा त्रास टाळावा म्हणून पुष्कळ घरी आता विजेचा गिझर येतो. पण होते काय, की गिझर आधी येतो आणि "आता हा लावायचा कुठं?" हा विचार मागून होतो. जेथे पाणी व वीज एकत्र येतात तेथे चूक जिवावर बेतते. म्हणून जागा आधी ठरवा, खरेदी मागून करा.

१) भिंत : १५ लिटरचा गिझर पाण्याने भरला म्हणजे त्याचे वजन २० किलोच्या वर जाते. मातीच्या किंवा पोपडे निघालेल्या भिंतीला हा भार पेलवत नाही. पक्क्या विटांची, सिमेंटात बांधलेली भिंतच निवडावी.

२) अंतर : गिझर न्हाणीजवळ असावा. अर्ध्या इंची नळीत दर मीटरला पावशेराहून थोडे कमी पाणी राहते. १० मीटर लांब नळी असली तर दर वेळी पावणेदोन लिटर थंड पाणी आधी सांडावे लागते आणि तितकेच तापलेले पाणी नळीत निवते. मात्र जेथे बसून अंघोळ करता, त्याच्या डोक्यावर गिझर नको. बाजूला व उंच लावावा, म्हणजे त्यावर पाणी उडणार नाही. बटण न्हाणीबाहेर, कोरड्या हाताने दाबता येईल असे ठेवा.

३) टाकी : छतावरील टाकीचा तळ गिझरच्या माथ्याहून वर पाहिजे, नाहीतर गिझर नीट भरणार नाही. वाफेचा दाब सोडणारी सुरक्षा-झडप कधीही बुजवू नका. तिचे तोंड माणसाच्या अंगाकडे नसावे.

४) वीज : २००० वॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. दिव्याच्या तारेवर तो चालवू नका. मीटरपासून निराळी, निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि १६ अँपिअरचा तीन पायांचा प्लग घ्या. घराचा मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडून वाढवून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवरून वीज घेऊ नका.

गावात विजेचा दाब उतरतो, हेही ध्यानात ठेवा. २३० व्होल्टचे १८० झाले तर २००० वॉटचा गिझर सुमारे १२०० वॉटचेच काम करतो. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला २१ मिनिटे लागत होती, तेथे ३४ लागतील. झटपट गरम करणारा छोटा गिझर अशा वेळी कोमट पाणीच देतो. तेव्हा टाकीचा गिझर बरा.

५) अर्थिंग : हे सर्वांत महत्त्वाचे. अर्थिंगची तार नळाला बांधून भागवू नका. आजकाल नळ प्लास्टिकचे असतात. घरामागे खड्डा करून मीठ-कोळशाचे अर्थिंग करा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात वाळते, भेगाळते, आणि अर्थिंग निकामी होते. म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. शिवाय ३० मिलीअँपिअरवर वीज तोडणारा आर.सी.सी.बी. बसवून घ्या. परवानाधारक वायरमनकडूनच हे काम करवा.

अंघोळीला जाण्याआधी बटण बंद करा. विहिरीच्या-बोअरच्या पाण्यातील क्षार गिझरच्या सळईवर बसतात. म्हणून वर्षातून एकदा तो साफ करवून घ्यावा.

चार दिवस उशीर झाला तरी चालेल. तोवर चुलीवरचा हंडा आहेच. पण भिंत, तार आणि अर्थिंग तपासल्याविना गिझर चालू करू नका.