श्रीमंत कोणाला म्हणावे?

आपल्या भाषेत ‘श्रीमंत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्याच्या घरी पैसा आहे तो श्रीमंत, हा एक. पेशव्यांच्या वा संस्थानिकांच्या नावामागे लागणारी पदवी, हा दुसरा. पहिल्यात द्रव्य आहे, दुसऱ्यात अधिकार. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत असल्यामुळे आपण समजतो की, एक आले म्हणजे दुसरे आपोआप येते. मराठवाड्याचा इतिहास निराळे सांगतो.

हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान याला १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील सर्वांत धनाढ्य माणूस म्हणून मुखपृष्ठावर झळकवले. नांदेड व लातूर तेव्हा त्याच्याच राज्यात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये त्याचे राज्य संपले. संपत्ती पुष्कळशी उरली. हुकूम उरला नाही. त्याच्याविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी. त्यांच्यापाशी ना जमीन, ना तिजोरी. तरी त्यांच्या शब्दावर माणसे तुरुंगात गेली.

तेव्हा पैसा आणि वजन या भिन्न वस्तू होत. पैसा आपल्या पेटीत असतो, वजन लोकांच्या मनात. ती त्यांची ठेव; ते केव्हाही परत मागतात. विलासराव देशमुख १९९५ साली लातुरात पराभूत झाले; १९९९ साली तेथूनच निवडून येऊन मुख्यमंत्री झाले. नांदेडच्या शंकरराव व अशोक चव्हाण या पितापुत्रांनीही ते पद भूषविले. वारशाने नाव मिळते. मत मात्र नव्याने मागावे लागते.

मग ज्याच्यापाशी दोन्ही आहेत, तो तरी पुरा श्रीमंत काय? १९७५ ते २०१० या काळात या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. लातूरची बाजारपेठही नामांकित. तरी एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पैशाने टँकर मिळाला, सत्तेने गाडी धाडली. पण आटलेले मांजरा धरण दोहोंपैकी कोणालाच भरता आले नाही. ते पुढे पावसानेच भरले.

म्हणून श्रीमंती मोजताना आणखी एक प्रश्न विचारावा. ज्याच्या गाठी पैसा नाही आणि ज्याची कोठे ओळख नाही, त्याला या गावात घागरभर पाणी मिळते काय? मिळत असेल, तर ते गाव श्रीमंत. मिळत नसेल, तर तेथील धनिक व पुढारी हे फार तर रांगेत पुढे उभे आहेत, इतकेच.