सशांचे परोपजीवी आणि पाळणाऱ्याचे आरोग्य

थोड्या जागेत होणारा जोडधंदा म्हणून ससेपालन कोकणातील शेतकऱ्यास सोईचे वाटते. परंतु रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि गुहागर तालुक्यातील हेदवीसारख्या किनाऱ्यावरील गावी पावसाळाभर हवेतील दमटपणा हटत नाही. परोपजीवींना हीच हवा मानवते. त्यांपैकी काही सशापुरतेच राहतात, तर काही माणसासही बाधतात. हा भेद गावातील कार्यकर्त्यांनी प्रथम समजून घ्यावा.

हगवण लागून पिले दगावतात, ती पुष्कळदा कॉक्सिडियामुळे. सशाचे कॉक्सिडिया माणसास बाधत नाहीत.

खरजेचे तसे नाही. तिचे सूक्ष्म किडे सशाच्या कानांच्या कडा, नाक व पंजे येथील कातडीत शिरतात व तेथे खपल्या धरतात. असा ससा हाताळणाऱ्याच्या अंगावर खाजरे पुरळ उठते. ही खरूज माणसाच्या अंगी सहसा टिकत नाही. पण आजारी ससा हाताळणे चालू राहिले, तर खाजही चालू राहते. म्हणून सशाचा उपचार प्रथम करावा. पशुवैद्यकाकडून वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिन टोचून घ्यावे. कुत्र्याच्या गोचिडांवरील फिप्रोनिल सशास कधीही लावू नये. ते त्यास घातक असते.

दुसरा धोका पाण्याचा. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यात २००८ साली जलशुद्धीकरण केंद्राच्या टाकीत एक ससा शिरून मेला आणि त्याच्यातील क्रिप्टोस्पोरिडियम जंतूमुळे नळाचे पाणी पिणाऱ्या अनेकांना जुलाब झाले. पिण्याच्या पाण्यात घालावयाच्या मात्रेतील क्लोरीनने हा जंतू मरत नाही. पाणी उकळल्याने मरतो. ज्या वाडीत पिंजरे चढावर व विहीर उतारावर, तेथे पहिल्याच पावसात लेंड्या कोठे जातील, हे सांगावयास नको.

तिसरा धोका टोक्सोप्लाझ्माचा. मांजराच्या विष्ठेने दूषित झालेला चारा सशाने खाल्ला, तर हा जंतू त्याच्या मांसात राहतो. गर्भवती स्त्रीस त्याची प्रथमच बाधा झाल्यास गर्भास अपाय होऊ शकतो.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. पिंजरे विहिरीपासून दूर व उताराच्या बाजूस ठेवावेत.
२. लेंड्या रोज काढून झाकलेल्या खड्ड्यात कुजवाव्यात. ओले खत भाजीपाल्यास घालू नये.
३. नवा ससा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा.
४. चाऱ्यावर मांजरास बसू देऊ नये.
५. काम होताच हात साबणाने धुवावेत. मांस पूर्ण शिजवावे.

घरात खाज किंवा जुलाब सुरू झाल्यास, आपण ससे पाळतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातही कळवावे.